रोज एक प्रश्न सोडवला म्हणजे तयारी होते का?

ऐरोलीकर:
पहिली सॉफ्टवेअरची नोकरी शोधणाऱ्या मुलांना जो तो सांगतो, 'रोज एक कोडिंगचा प्रश्न सोडव, एकही दिवस चुकवू नकोस.' मला हे पटत नाही. स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी, टिकवण्याच्या नादात तयारी वरवरची होते. रात्री पावणेबाराला लीटकोड ही सरावाच्या प्रश्नांची साइट उघडायची, सोपा प्रश्न शोधायचा, अडलं की उत्तर बघायचं आणि सबमिट करून झोपायचं. दिवस मोजला गेला, पण डोक्यात काही उतरलं नाही.

मी रविवारी फ्रेशर मुलांच्या सराव मुलाखती घेते. बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधोमध बघून शोधायची पद्धत) सगळ्यांना पाठ असतो. लो आणि हाय, म्हणजे शोधायच्या भागाच्या दोन टोकांचे क्रमांक, यांची बेरीज भागिले दोन, मधला इंडेक्स (जागेचा क्रमांक) तयार. मग मी विचारते, ॲरे, म्हणजे ही यादी, प्रचंड मोठा असेल तर ही बेरीज कुठे फसेल? बहुतेक जण इथेच अडकतात. जावा या भाषेत इंटची, म्हणजे पूर्णांक साठवायच्या नेहमीच्या प्रकाराची, कमाल मर्यादा 2147483647. बेरीज त्यापुढे गेली की ऋण होते आणि इंडेक्सच चुकतो. हीच चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत कित्येक वर्षं होती. 2006 मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जाहीरपणे मांडली. बेरजेऐवजी लोमध्ये दोघांच्या फरकाचं निम्मं मिळवलं की काम होतं. या एका ओळीशी ज्याने अर्धा तास झटापट केली आहे, तो मुलाखतीत गडबडत नाही.

म्हणून आठवड्यातले चारच दिवस ठरवा, दोन तास सलग. त्यातला एक दिवस फक्त जुने प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायला. गिटहब या कोड ठेवायच्या साइटनेसुद्धा 2016 मध्ये प्रोफाइलवरून स्ट्रीकचा आकडा काढून टाकला होता.

कळवा_पूर्व:
ताई, दोन तास सलग मिळतात कुणाला? आमचं वन रूम किचन. संध्याकाळी टीव्ही, धाकट्याचा अभ्यास, येणारे-जाणारे. अभ्यासिकेत परीक्षेच्या दिवसांत जागा मिळत नाही. मला सकाळी सगळे उठायच्या आधीचा अर्धा तास मिळतो, आणि तो रोज मिळतो.

दुसरं म्हणजे, चार दिवस ठरवले की सोमवारचं मंगळवारवर जातं, मंगळवारचं शनिवारवर, आणि शनिवारी घरी पाहुणे. 'रोज' म्हटलं की 'आज करू की उद्या' हा विचारच येत नाही. ऑफ कॅम्पस, म्हणजे कॉलेजबाहेरून होणाऱ्या भरतीच्या, टेस्टचा मेल तर आज येतो आणि परवा परीक्षा असते. ॲप्टिट्यूडच्या (गणित-तर्काच्या) प्रश्नांचा वेग तेव्हा दोन दिवसांत कुठून आणणार? हात चालू असेल तरच निभाव लागतो.

रात्रपाळी:
मी ऐरोलीतच एका कॉल सेंटरला आहे, डेव्हलपर व्हायची धडपड चालू आहे. शिफ्ट बदलली की आठवडाभर झोपेचं गणित बिघडतं. तेव्हा 'एक दिवस चुकला की संपलं' हे वाक्य फार लागतं. ते खरंही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयींचा अभ्यास केला, 2010 मध्ये तो छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 पर्यंत गेला. मधे एखादा दिवस सुटल्याने फारसा फरक पडला नाही. माझ्यासारख्यांनी दिवस चुकला म्हणून सोडून द्यायचं का?

कळवा_पूर्व:
सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण तो अभ्यास जेवणासोबत पाणी पिणं, थोडं चालणं अशा सवयींचा होता. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, तसं नाही. चार दिवस हात लावला नाही की कॉल स्टॅक (अर्धवट राहिलेल्या कॉलची चळत) डोळ्यांसमोर उभाच राहत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ऐरोलीकर:
चार दिवसांत पुसलं जातं, याचाच अर्थ ते पक्कं झालेलं नव्हतं. विसरणं कसं चालतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच मोजून दाखवलंय. थोड्या अंतराने पुन्हा आठवायला लागलं तर ते जास्त टिकतं. रोज नवा प्रश्न घेणाऱ्याला जुन्याकडे वळायला वेळच उरत नाही. जागेची अडचण मात्र खरी आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कोपरीचा_बाबा:
माझी मुलगी यंदा पास झाली. तुम्ही दिवस आणि तास मोजताय, पण मला घरात वेगळंच दिसतं. ती प्रश्नांना कंटाळून थांबत नाही. पंचवीस ठिकाणी अर्ज करून एकाचंही उत्तर येत नाही, तेव्हा थांबते. आणि त्यात नातेवाईक विचारतात, 'लागलं का कुठे?' आम्ही घरात हा प्रश्न बंद केला. आता ती काय शिकली ते जेवताना आपणहून सांगते. सातत्य एकट्या मुलांनी सांभाळायचं, असं धरून कृपया चालू नका.

रात्रपाळी:
काका, हे माझ्या आईला वाचून दाखवते.

कळवा_पूर्व:
काकांचं शंभर टक्के बरोबर. ताई, तुमचं एक घेतो: उद्यापासून दर तिसऱ्या दिवशी नवा प्रश्न नाही, जुनाच, कागदावर. पण रोजचा अर्धा तास सोडणार नाही. या रविवारी माझी सराव मुलाखत घ्याल का? अर्ध्या तासातून काय तयार होतं ते तुम्हीच तपासा.

ऐरोलीकर:
नक्की या. वही-पेन आणा, लॅपटॉप नको. लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या घटकांची साखळी) उलटी करण्यापासून सुरुवात करू, आणि प्रत्येक ओळीला 'का' विचारणार आहे.