ॲसिड दिल्यावर नॅनोट्यूब फिल्मचा रेझिस्टन्स वाढला, असं का?

काजळी_२३: मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सिंगल वॉल नॅनोट्यूबची (कार्बनच्या एकाच थराच्या अतिसूक्ष्म नळ्या) फिल्म करतेय. पाण्यात गुठळ्या होत होत्या म्हणून सल्फ्युरिक आणि नायट्रिक ३:१ घेऊन गरम करून सोनिकेट केलं (अल्ट्रासाउंडने हलवलं). आता पाणी काळंभोर होतं, तळाला काही बसत नाही, पण फिल्मचा रेझिस्टन्स खूप वाढलाय आणि रामन स्पेक्ट्रममध्ये १३५० cm⁻¹ जवळचा डी पीक (भिंतीतले दोष दाखवणारा) चांगलाच वर आलाय. नायट्रिकने तर डोपिंग होऊन (वीज वाहणारे कण वाढून) रेझिस्टन्स कमी होतो ना?

षट्कोन: होतो, पण ट्यूब शाबूत असेल तर. नुसत्या नायट्रिकमध्ये फिल्म थोडा वेळ बुडवली की ते ट्यूबमधले इलेक्ट्रॉन ओढून घेतं, होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, त्याही वीज वाहतात) वाढतात. तुमच्या मिश्रणाने भिंतच फोडलीये. तिथे कार्बोक्सिल (पाण्याशी जुळणारे ॲसिड गट) लागले म्हणून पाण्यात सुटतायत, पण जिथे जिथे एसपी२ चा एसपी३ (तीन शेजाऱ्यांशी जोडलेल्या कार्बनचा चार शेजाऱ्यांशी जोडलेला) झाला तिथे इलेक्ट्रॉनची वाट तुटली, वर तुकडे पडून ट्यूब आखूड झाल्या म्हणजे जोड वाढले आणि अशा फिल्ममध्ये खरा रेझिस्टन्स जोडांवरच असतो.

पुणेरी_लॅब: +१. सोडियम कोलेट नाहीतर एसडीबीएस (दोन्ही साबणासारखी द्रव्यं) घालून हलकं सोनिकेट करा, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी तेवढं घ्या, मेम्ब्रेनवर गाळा आणि भरपूर धुवा, साबण राहिला तर तोच करंट अडवतो. मग नायट्रिक. हे डोपिंग टिकत नाही, आठवड्याने परत मोजा.

काजळी_२३: खूप आभार! आणि आहे ती बॅच आरगॉनमध्ये ॲनील केली (तापवली) तर?

षट्कोन: काय लागलंय त्यावर आहे. राईस विद्यापीठाच्या लोकांनी २००३ मध्ये डायझोनियमने (ट्यूबला गट चिकटवणारं रसायन) मेटॅलिक ट्यूब (धातूसारखी वीज वाहणाऱ्या; ट्यूबची गुंडाळणी सांगणाऱ्या एन आणि एम या आकड्यांच्या वजाबाकीला तीनने भाग जातो त्या) आधी पकडून दाखवल्या, नंतर तापवून ते गट काढलेही, कारण तिथे कार्बन जागेवरच होते. तुमच्याकडे कार्बोक्सिल जातील पण सोबत भिंतीतला कार्बनही जातो, भोक राहतंच. आणि हो, तापवल्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे झालेलं पी डोपिंगपण (होल्स वाढवणारं) उडतं, त्यामुळे भट्टीतून काढल्या काढल्या रेझिस्टन्स बघून निराश होऊ नका, आधी रामन घ्या आणि डी-जी चं गुणोत्तर (जी म्हणजे शाबूत भिंतीचा पीक) उतरलं का ते बघा.