बॉस अंगावर येतो तो आपल्या स्वभावामुळे?

कोपऱ्यातलं_टेबल:
आमच्या बँकेत नुकतंच 'कठीण वरिष्ठांशी जुळवून घेताना' असं प्रशिक्षण झालं. सगळ्यांकडून व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली. मग प्रशिक्षक म्हणाले, हळवी, पडखाऊ, 'नाही' म्हणता न येणारी माणसं वरिष्ठांचा राग ओढवून घेतात, तेव्हा ठामपणा शिका. वरिष्ठांसाठी असं प्रशिक्षण कधी, असं एकाने विचारलं तर हशा पिकला. (विचारणारा मी नव्हे. मी मागे चहा पीत होतो.)

मला हे पटत नाही. मी पाहिलेल्या शाखांमध्ये सगळ्यात जास्त बोलणी कोणी खाल्ली? ज्यांना नोकरी सोडता येत नव्हती त्यांनी. नुकतंच गृहकर्ज काढलेला, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली, घरात एकटाच कमावता. साहेबाला हे बरोबर ठाऊक असतं. आमच्याकडे एकाला रिव्ह्यू कॉलवर सगळ्यांदेखत 'तुझी लायकी शिपायाची' असं ऐकवत. (शिपायाचाही अपमान, पण ते असो.) त्याच्या हातात दुसऱ्या बँकेचं ऑफर लेटर आहे अशी कुणकुण लागली आणि तेच साहेब 'अहो, बसा ना' करू लागले. गड्याचा स्वभाव होता तोच होता.

टार्गेटवाला:
मी एरिया मॅनेजर, म्हणजे इथला खलनायक. महिनाअखेरीला कॉलवर सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारतो, 'कासाचा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवींचा) आकडा कुठे अडला?' एक जण आकडा सांगतो, दुसरा दोन दिवस तोंड पाडून बसतो. प्रश्न तोच, आवाज तोच. मग फरक कशाचा?

यावर अभ्यासही आहे. मार्टिन्को आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की आपल्या अपयशाचं खापर सवयीने दुसऱ्यावर फोडणारे लोक वरिष्ठांकडून छळ झाल्याचं जास्त सांगतात. या विषयात ज्याचं नाव सगळे घेतात त्या संशोधक बेनेट टेपरची छळाची व्याख्यासुद्धा 'कर्मचाऱ्याला काय वाटतं' यावरच उभी आहे. वाटण्याचा प्रश्न आला की स्वभाव आलाच.

एचआरवाली:
टेपर अर्धाच वाचलात. त्याच्या २००० सालच्या शोधनिबंधातल्या व्याख्येत वरिष्ठांची ही वागणूक सतत चाललेली असावी लागते. एका कॉलवरून कोणी काही ठरवत नाही. त्याच्या प्रश्नावलीत १५ विधानं आहेत : माझी खिल्ली उडवतात, इतरांसमोर कमी लेखतात, जुन्या चुका उगाळतात, दुसरीकडचा राग माझ्यावर काढतात, स्वतःची अब्रू वाचवायला मला दोषी ठरवतात... कासाचा आकडा विचारणं त्यात नाही, तुम्ही निश्चिंत राहा.

त्याच निबंधात धागाकर्त्याच्या बाजूचाही मुद्दा आहे. ज्यांना दुसरी नोकरी मिळणं अवघड, त्यांना या वागणुकीचा त्रास जास्त होतो असं त्याला आढळलं. मात्र साहेब अशांनाच हेरतो, हे त्याने म्हटलेलं नाही. तो तुमचा अनुभव झाला.

जपानने २०१९ मध्ये वरिष्ठांकडून होणाऱ्या छळावर कायदा केला, जून २०२० पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला. कामासाठी आवश्यक आणि वाजवी सूचना म्हणजे छळ नव्हे, हे तिथे स्पष्ट केलंय. आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे तो महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध. साहेब नुसताच तोंडाळ असेल तर माझ्याकडे येऊन बसायचं, आणि मी तरी काय करणार?

निवृत्त_हेडक्लार्क:
'सोडता येत नाही म्हणून छळ' हे सरकारी खात्यात कसं बसवणार? तिथे नोकरी सहसा जात नाही, तरी छळ व्हायचाच. शिव्या क्वचित. बदली आणि गोपनीय अहवाल ही हत्यारं. 'गडचिरोली दाखवीन' हे वाक्य मी किती साहेबांकडून ऐकलं! (गडचिरोलीकरांनी काय घोडं मारलंय कोण जाणे.)

२००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. आमच्या कार्यालयातले शेरे त्यानंतर बरेच मवाळ झाले. साहेब तेच, कर्मचारी तेच.

पण टार्गेटवाल्यांचंही थोडं खरं आहे. आमच्याकडे एक जण शांतपणे म्हणायचा, 'साहेब, लेखी द्या.' त्याच्या वाटेला कोणी जात नसे.

टार्गेटवाला:
बघा! 'लेखी द्या' म्हणायला स्वभावच लागतो.

कोपऱ्यातलं_टेबल:
लागतो, आणि मागे पेन्शनची नोकरीही लागते. आमच्याकडे 'लेखी द्या' म्हणणाऱ्याला पुढच्या तिमाहीत पीआयपी (म्हणजे 'ठरल्या मुदतीत कामगिरी सुधारा' असा लेखी कार्यक्रम) मिळतो. म्हणजे लेखी मिळतं, पण वेगळंच.

जून २०२३ मधला एका खासगी बँकेच्या कोलकात्याच्या अधिकाऱ्याचा ऑनलाइन मीटिंगमधला व्हिडिओ आठवतो? टार्गेटवरून हाताखालच्यांवर किंचाळणारा. बँकेने त्याला निलंबित केलं ते व्हिडिओ देशभर फिरल्यावर. ऐकून घेणाऱ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी तेव्हा कोणी मागितली नाही.

टार्गेटवाला:
तो प्रकार वाईटच, त्यावर वाद नाही. पण मलाही वरून तसाच कॉल येतो हे लिहून ठेवा. माझ्या साहेबांना कोणता स्वभाव आवडतो ते अजून मला उमगलेलं नाही.

एचआरवाली:
आमच्या कंपनीत सगळे रिव्ह्यू कॉल रेकॉर्ड करायला लागलो. आवाज लगेच खाली आले. आता दोन साहेब कॉल संपल्यावर ज्याला झापायचं त्याला खासगी नंबरवर फोन करतात.