उ: कानातली बुरशी परत परत का येते?

चार दिवसांत खाज थांबली म्हणून बुरशीवरचे ड्रॉप्स बंद केले आणि पंधरवड्यात कान पुन्हा ठणकू लागला, मग बुरशी परत का येते, असं एकांनी विचारलंय. ते होणारच होतं. खाज आधी जाते, बुरशी नंतर. क्लोट्रिमॅझोल १% हे बुरशीनाशक औषध साधारणपणे दिवसातून २-३ वेळा, ३-४ थेंब, किमान २ आठवडे घालायला सांगतात.

पण त्याआधी कान साफ व्हायला हवा. ओल्या टिपकागदासारखा दिसणारा, काळे ठिपके असलेला मळ आत राहिला तर औषध त्वचेपर्यंत पोचतच नाही. ही सफाई ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे) सक्शनने करून घ्यावी. पडद्याला भोक आहे का, तेही तेव्हाच कळतं. असेल तर हे ड्रॉप्स स्वतःहून घालू नयेत.

बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. कुशीवर झोपा, मोठ्यांचा कान वर-मागे ओढून थेंब सोडा आणि ५ मिनिटं तसंच पडून राहा.

घरात उरलेले अँटिबायोटिक-स्टेरॉइड ड्रॉप्स यावर अजिबात नकोत, त्यांनी बुरशी फोफावते. लसूण घातलेलं गरम तेल आणि इअरबड यांबद्दल न बोललेलंच बरं! अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा वापरा, नंतर काढून टाका.

मधुमेह असेल आणि रात्री झोप मोडण्याइतकं दुखत असेल, तर थेंबांवर वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.