मदत हवी आहे: बारावीचा आधुनिक इतिहास आणि आपला सातारा-सांगली, वर्षाचं नियोजन कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. कला शाखा, मराठी माध्यम. कॉलेज सुरू व्हायच्या आत वार्षिक नियोजन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायचं असतं. गेल्या वर्षीच्या तारखा बदलून तेच दिलं तरी कुणी हूं का चूं करत नाही. यंदा मात्र नीट बसून करायचं ठरवलंय आणि तिथेच घोडं अडलंय.

ज्यांचा बारावीच्या पुस्तकाशी संबंध सुटलाय त्यांच्यासाठी: सुरुवात युरोपातल्या प्रबोधनापासून. मग वसाहतवाद, मराठ्यांचा प्रतिकार, समाजसुधारणा, स्वातंत्र्यलढा, संस्थानांचं विलीनीकरण, दोन महायुद्धं, आशिया-आफ्रिकेचं निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध आणि शेवटी बदलता भारत. लेखी ८० गुण, अंतर्गत २०. कागदावर तास मुबलक दिसतात. त्यातून गणपती, दिवाळी, गॅदरिंग, निवडणुकीच्या ड्युट्या आणि पूर्वपरीक्षा वजा करा. शीतयुद्धाच्या वाट्याला जानेवारीतले दोन तास येतात आणि त्यातही निम्मी मुलं गैरहजर.

मुलं हुशार आहेत, पण पहाटे भरतीच्या अकॅडमीत पळून आलेली असतात. तिसऱ्या तासाला माना पडायला लागतात. इतिहास म्हणजे पॅरिस, लंडन, दिल्ली, फार तर पुणे, अशी त्यांची पक्की समजूत आहे. आपल्याकडे काय घडलं विचारलं तर एक छत्रपती आणि एक नाना पाटील, आणि त्या दोघांच्या मधली दोन-अडीचशे वर्षं कोरी.

म्हणून विचार असा आहे की प्रत्येक प्रकरणात आपल्या भागातली एक गोष्ट मध्यभागी ठेवायची आणि तिथून जगाकडे जायचं. नुसतं १८४८ घ्या. युरोपात पॅरिसपासून व्हिएन्नापर्यंत क्रांत्या पेटल्या, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली आणि त्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज वारल्यावर डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा केलं. या धोरणाखाली गेलेलं मोठं असं पहिलंच राज्य. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळ्याचं नायगाव. एका सालावर आठवडाभर बोलता येईल. साताऱ्याची बाजू मांडायला रंगो बापूजी वर्षानुवर्षं लंडनमध्ये खेटे घालत राहिले, तिथून सरळ १८५७ मध्ये शिरता येतं. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यात रंगो बापूजींचा मुलगाही होता. साताऱ्यातल्या चार भिंती या स्मारकापाशी सेल्फी काढणाऱ्या मुलांना यातलं काही ठाऊक नसतं.

दुसरं, औंध. हे माझं लाडकं प्रकरण, त्यामुळे जरा जास्त लिहिते. ७२ गावांचं एवढंसं संस्थान, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं: औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल आणखी तिसरीकडे. राजाने १९३९ मध्ये आपणहून अधिकार सोडले आणि ग्रामपंचायतींवर उभी राहिलेली घटना लागू केली. मसुद्यात गांधीजींनी लक्ष घातलं होतं. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत निघाली. आणि राजाचे चिरंजीव आप्पा पंत स्वातंत्र्यानंतर भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले. म्हणजे पुस्तकातलं आफ्रिकेचं निर्वसाहतीकरण, जे मुलांना चंद्रावरचं वाटतं, ते औंधच्या वाड्यातून निघून केनियात पोचवता येतं. पहिल्या महायुद्धासाठी अपशिंगे आहे, ज्या एका गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. १९६२ च्या युद्धात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे. हे सगळं जमेल असं वाटतं.

अडलंय ते २० गुणांच्या प्रकल्पावर. विषय अर्थातच प्रतिसरकार, म्हणजे ४२ च्या चळवळीत नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इथे उभं राहिलेलं समांतर सरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार. गेल्या वर्षीच्या वह्या उघडल्या तर सगळीकडे एकच मजकूर, नाना पाटलांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० पासून पुढे, मोबाईलवरून उतरवलेला. तुफान सेनेचं (प्रतिसरकारच्या स्वयंसेवक दलाचं) चित्र मात्र स्केचपेनने झकास. त्यात एक वही वेगळी निघाली. त्या मुलीने घरात आजीला विचारलं होतं. आजीने सांगितलं की तुझ्या पणजोबांना पत्रीवाल्यांनी रात्री मळ्यात नेऊन मारलं, खबऱ्या म्हणून. मुलीने चार ओळी लिहिल्या आणि मग निळ्या पेनने गिरवून गिरवून खोडल्या. पान उजेडात धरलं की वाचता येतात. तिच्या पुढच्या बाकावर बसायचा त्या मुलाच्या पणजोबांचं नाव गावच्या हुतात्मा स्तंभावर कोरलेलं आहे. आता मी "घरी जाऊन आठवणी गोळा करून आणा" असं फर्मान काढलं, तर वर्गात काय काय येऊन पडेल?

दुसरी तशीच गोष्ट. एका मुलाने विचारलं, "मॅडम, गावातल्या पडक्या वाड्यात राहत कोण होतं?" आम्ही सगळे लहानपणापासून त्या जागेला जळका वाडा म्हणतो. ३० जानेवारी १९४८ नंतर या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, हे पुस्तकात नाही. मुलगा विचारतोय म्हणजे शिकवायला हवं. पण किती, कुठल्या प्रकरणात आणि कोणत्या शब्दांत?

तर पुस्तकाचा क्रम मोडू का, प्रकल्प कसा देऊ आणि ४८ चं काय करू, या तिन्हींवर अनुभवी मंडळींनी लिहावं. राजकारणावर घसरू नये ही हात जोडून विनंती. आधीच आभार.

जुना खडू:

मॅडम, क्रम मोडू नका. चाचण्या, पूर्वपरीक्षा सगळं पुस्तकाच्या क्रमाने चालतं, दुसऱ्या कॉलेजातून मध्येच आलेलं पोर गोंधळतं आणि गाईडसुद्धा त्याच क्रमात असतं. क्रम तोच ठेवा, वजन बदला. प्रबोधनाला आठवडा पुरे. तिथे आपण लिओनार्दोत रमतो आणि जुलै संपतो.

स्थानिक इतिहास मात्र प्रकरणाच्या शेपटाला "आपला जिल्हा" म्हणून लावू नका, त्याचं जयंतीचं भाषण होतं. तो कारणांच्या जागी बसवा. मी वर्षानुवर्षं १८७५ चा शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव असा शिकवला: अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव. सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला, वर जमिनीच्या नव्या पाहणीत सरकारने शेतसारा वाढवला. सावकाराने हात आखडले आणि जमिनी कोर्टामार्फत जाऊ लागल्या. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात उठाव झाला. पुणे-नगरकडे लोकांनी मुख्यतः काय जाळलं, तर कर्जाची खतं आणि कोर्टाचे हुकूमनामे. माणसांना फारसा हात लावला नाही. मग शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा कायदा आला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. आपला जिल्हा त्यात आहे, आणि तेव्हा सांगलीकडचे बरेचसे तालुके साताऱ्यातच होते.

फळ्यावर ही साखळी मुलांकडूनच काढून घ्या. "कारणे लिहा" फुकटात तयार होतो. आणि तो कागद जपून ठेवायला सांगा. डिसेंबरात प्रतिसरकारची न्यायमंडळं शिकवताना तो पुन्हा काढायचा. सावकाराकडे अडकलेल्या जमिनीचे तंटे तिथेही येत होतेच. म्हणजे ४२ ची चळवळ आभाळातून पडली नाही, हे तुम्हाला सांगावं लागत नाही.

समाजसुधारणेला मसूर स्टेशन वापरा. १९०१ मध्ये लहानगे भीमराव (बाबासाहेब आंबेडकर) भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले, मसूरला उतरले आणि जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन बैलगाडी स्वतः हाकायची या अटीवर गाडी मिळाली, वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आजही मिरज-पुणे गाडीतून जाताना ती पाटी दिसते. साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं ती तारीख, ७ नोव्हेंबर १९००, आता विद्यार्थी दिवस आहे. पण दिवाळीच्या सुट्टीने तो बुडू शकतो, नियोजनात आधी घ्या.

माणदेशी:

खडू सरांशी सहमत. प्रकल्पाबद्दल बोलतो, कारण माझं आजोळ त्या खोडलेल्या ओळींच्या बाजूचं आहे.

मॅडम, "कोण" विचारायला लावू नका, "कसं" विचारायला लावा. निरोप कसा पोचायचा? भूमिगतांची भाकरी कुठल्या घरून जायची, कोण घेऊन जायचं? तेव्हा रॉकेल, साखर, कापड कसं मिळायचं? गांधी पद्धतीच्या कमी खर्चाच्या लग्नात जेवायला काय होतं? आमची आजी पणजोबांचा विषय निघाला की उठून आत जायची. रॉकेलच्या रेशनवर मात्र तासभर बोलायची. त्या बोलण्यात सगळं येतं, कुणाची अब्रू न जाता. शिवाय "कसं" विचारलं की बायका बोलतात. हौसाताई, इंदुताई पाटणकर यांची नावं राहिली, पण भाकरी पोचवणाऱ्या शेकडो जणींची कुठे लिहिलीत?

वहीत माणसांची नावं नकोत हा नियम सगळ्यांना सारखा लावा. हुतात्म्याच्या पणतूलासुद्धा. तो कुरकुरेल, कुरकुरू दे.

आणि एक तास दोन्ही बाजूंची भाषा समोर ठेवा. ७ जून १९४३ ला शेणोलीला रेल्वेची पगाराची गाडी लुटली, १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडे सरकारी खजिना. सरकारी कागदात हे दरोडे आहेत, आपल्या स्मारकांवर पराक्रम. लिहिणारा कोण आहे हे ओळखायला मुलं लगेच शिकतात, भरतीवाली तर जास्तच.

औंधचं अजून एक. कुंडल औंधच्या हद्दीत होतं, हे नकाशावर दाखवा. ब्रिटिश पोलिसांना दरवेळी हद्द आडवी यायची. कार्यकर्त्यांना तिथे श्वास घ्यायला जागा मिळाली ती त्यामुळेही. नकाशाचा प्रश्न असाच आवडीचा होतो.

पेठेतला:

स्पष्ट लिहितो, राग नसावा. ४८ ला हात लावू नका. अभ्यासक्रमात नाही, पेपरात येणार नाही. एका पालकाने तक्रार केली की संस्थेतून फोन येईल आणि तेव्हा धाग्यावरचे आम्ही कुणी तुमच्या बाजूने उभे राहणार नाही. ८० गुणांची तयारी करून घ्या, मुलांना त्याचीच गरज आहे.

जुना खडू:

पेठेतले, फोन येईल हे खरं. पण पोराने वर्गात उभं राहून विचारलंय. त्याला "पेपरात नाही" सांगितलं तर तो मोबाईलवर बघेल, आणि तिथे काय वाचायला मिळतं ते तुम्हीही जाणता. मॅडम, विलीनीकरणाच्या प्रकरणात गांधीजींच्या खुनाचा तास येतो, त्यातच घ्या. वेगळा तास नको, प्रकल्प तर अजिबात नको. खून कुणी केला, त्यानंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे काय झालं, घरं सोडून माणसं शहरांकडे गेली. सरळ वाक्यं, विशेषणं नकोत. पाठाच्या टाचणात तेवढ्याच ओळी लिहून ठेवा म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद असतो.

आणि प्रकल्पाला दुसरा विषयही द्या, सगळे प्रतिसरकारवरच कशाला? १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. तहसीलला अर्ज करून तुमच्या गावचं त्या वर्षाचं पुस्तक शाबूत आहे का बघा. काही ठिकाणी मोडी लिपीत असतं, वाचणारा शोधावा लागेल. मिळालं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं मुलांना मोजायला द्या. पहिलं महायुद्ध गावात कसं शिरलं ते तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही. कोरोना पाहिलेली पोरं आहेत.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. खडू सर, १८७५ ची साखळी जशीच्या तशी उचलतेय, परवानगी गृहीत धरली आहे. क्रम पुस्तकाचाच ठेवते. प्रबोधन आठवड्यात संपवून वाचलेले तास शीतयुद्धाला, आणि शीतयुद्ध दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घेणार, म्हणजे जानेवारी उजळणीला मोकळा.

माणदेशी, तुमची "कसं"वाली यादी प्रकल्पाच्या सूचनापत्रात जाईल. नावं नाहीत हा नियमही. त्या मुलीला बोलावून सांगेन की खोडलेलं पान खोडलेलंच राहू दे, गुण कापले जाणार नाहीत. आता ती तेरावीला आहे खरं तर, पण एसटी स्टँडवर रोज दिसते.

पेठेतले, तुमचा मुद्दा पटला नाही, तरी फोनची शक्यता लक्षात ठेवून टाचण प्राचार्यांना आधीच दाखवणार आहे. ते हो म्हणतील असं वाटतं. नाही म्हणाले तर इथे येऊन लिहीन.

आता दोन गोष्टी राहिल्या. आप्पा पंतांच्या नैरोबीतल्या कामावर बारावीच्या मुलाला झेपेल असं दोन-तीन पानांचं मराठी काही कुणाकडे आहे का? झेरॉक्सचा खर्च मी करते. आणि औंधला संग्रहालय बघून त्याच दिवशी आटपाडीकडे स्वतंत्रपूरला जाऊन संध्याकाळपर्यंत मुलींना घरी पोचवता येईल का? एसटीची प्रासंगिक करारावरची गाडी घ्यायचा विचार आहे. त्या रस्त्याने अलीकडे गेलेल्यांनी सांगा, विट्यावरून जावं की मायणीवरून?