हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत फाइलचं एन्कोडिंग (अक्षरांची बाइटमधली मांडणी) कुणी ठरवायचं?

अर्धविराम :
टर्मिनलवर महिनाभर बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम काल क्रॉनला (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी सोय) लावला, तर पहिल्याच मराठी अक्षरावर आडवा. तक्रार काय, तर २२४ पासून सुरू होणारी बाइट डीकोड होत नाहीत. (नेहमीच्या देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या सर्व लिपी सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये तीन बाइटचं, आणि पहिला बाइट कायम २२४. म्हणजे फाइल ठणठणीत होती.) फाइल वाचणारं 'रीडफाइल' एन्कोडिंग लोकॅलवरून, म्हणजे सिस्टिमच्या भाषेच्या सेटिंगवरून, उचलतं, क्रॉनमध्ये लोकॅल सेट नव्हतं, झालं आस्की, म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं. शुद्धतेचा (तेच इनपुट, तर तेच उत्तर) एवढा डांगोरा पिटणारी भाषा, आणि फाइलचा अर्थ एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या हाती? डीफॉल्ट यूटीएफ-८च हवं.

कंसबहाद्दर :
शुद्ध असतं ते फंक्शन, फाइल नव्हे. 'रीडफाइल'च्या टाइपमध्ये आयओ (बाहेरच्या जगाशी व्यवहार असल्याची खूण) ढळढळीत दिसतंय की! बाइटस्ट्रिंग (नुसते कच्चे बाइट) म्हणून वाचा, मग स्वतः डीकोड करा. फसलं तर हातात 'लेफ्ट' (चुकीची खबर; जमलं तर 'राइट') येतो, प्रोग्रॅम कोसळत नाही. दोन ओळींचं काम. उगाच डीफॉल्ट बदलून इतरांचे जुने प्रोग्रॅम कशाला मोडायचे?

अर्धविराम :
दोन ओळी मान्य, पण त्या ठाऊक असणाऱ्याला. नवखा माणूस 'रीडफाइल'च टंकणार. टेक्स्ट लायब्ररीने २.० मध्ये आतली साठवण यूटीएफ-१६ वरून यूटीएफ-८ वर नेली, २.१ मध्ये फायलींसाठी खास यूटीएफ-८ मॉड्यूल दिलं. त्यांना पटलं, मग प्रेल्यूडचंच (हास्केलमध्ये आपोआप हाताशी येणाऱ्या मूळ मॉड्यूलचं) घोडं कुठे अडलंय?

मात्रावेलांटी :
तुम्ही अजून बाइटवरच. 'मराठी'ला 'रिव्हर्स' लावून बघा : 'ीठारम'. वेलांटी अधांतरी! 'क्षत्रिय'ची लांबी ८ येते, डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. डीकोडिंग बिनचूक असूनही. आणि साधी स्ट्रिंग ही लिंक्ड लिस्ट (एकेका अक्षराची साखळी), तीही पंक्तिप्रपंच करणारी : ६४-बिट जीएचसीत (हास्केलचा कंपायलर) इंग्रजी अक्षराला २४ बाइट, देवनागरीला ४०, कारण पहिली २५६ कॅरेक्टर तेवढी आयती तयार असतात.

कंसबहाद्दर :
मजकूर उलटा करायची वेळ पॅलिंड्रोमच्या गृहपाठाखेरीज कुणावर आलीय? लांबीचं मात्र खरं, माझ्या तक्त्यांचे रकाने त्यापायीच वाकडे होतात. ४० बाइटचं वाचून स्ट्रिंगला कायमचा रामराम. डीफॉल्टबद्दल मत तेच.

अर्धविराम :
बाइटस्ट्रिंगने वाचलं, डीकोड केलं, 'राइट' आलं. तरी पहिल्या रकान्याचं नाव जुळेना. तासाभराने दिसलं : फाइलच्या तोंडाशी २३९, १८७, १९१. बीओएम, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण! डीकोडरने तो इमानेइतबारे मजकुरात ठेवला होता. आता हा कुणाच्या टाइपमध्ये दिसायला हवा होता, कंसबहाद्दर?