शब्दचर्चा : सापकांदा. यात साप कुठला आणि कांदा कुठला?

पाऊलवाट : जूनच्या अखेरीस भीमाशंकरच्या रानात, दाट झाडीखालच्या ओल्या पाचोळ्यातून वर आलेलं एक फूल दिसलं. वीत-दीड वीत दांडा, वर पांढरी सुरळी, तिचं टोक पुढे वाकून तोंडावर आलेलं. आत डोकावलं तर घशापाशी जांभळट छटा. पान एकही नाही. बरोबरचा एक जण म्हणाला "सापकांदा", दुसरा म्हणाला "छे, हा शेवळा, भाजी करतात याची". आम्ही भाजी न करता फोटो काढला. हे नक्की काय, आणि सापकांदा हे नाव कुठून आलं?

धुकट : भाजी केली नाहीत हे उत्तम. वर्णनावरून हा पांढरा सापकांदा, म्हणजे अरिसिमा मरेई. सह्याद्रीबाहेर हा सापडत नाही. याचं फूल आधी आणि पान मागून येतं, त्यामुळे लोकांची फसगत होते, कारण शेवळाही तसाच, पानाआधी फुलणारा. पण शेवळ्याची पारी उभी, उघडी, तपकिरी-जांभळट, आणि मधला दांडा चांगला जाडजूड. सापकांद्याची पारी मात्र पुढे झुकते आणि फुलाच्या तोंडावर झाकण धरते. पावसाळी कीटकांसाठी बांधलेली पडवीच म्हणा. चारआठ दिवसांनी पुन्हा गेलात तर पानही दिसेल : एकाच दांड्याच्या टोकाला, एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पर्णिका.

सापकांद्याची दुसरी जात (अरिसिमा टॉर्चुओसम) हिरवी असते. तिच्या पारीतून लांब शेपटी बाहेर पडून वर वळते, आणि पर्णिका एका बिंदूतून न निघता पक्ष्याच्या पावलासारख्या रांगेने लागतात. म्हणून नुसतं "सापकांदा" म्हटलं की कोणता, हे विचारावं लागतं.

अडगुलं : 'साप' तर उघडच आहे, फणा! इंग्रजीतही कोब्रा लिली म्हणतात.

रानभूल : फणा आहेच, पण मला ते एवढं उघड वाटत नाही. हिरव्या जातीचा दांडा पाहिलाय का कधी? पुष्कळदा त्यावर ठिपके-पट्टे असतात, पाचोळ्यात तो दचकवतो. फूल उमलण्याआधी, नुसता कोंब असतानाच. त्यात ती शेपटी जिभेसारखी. म्हणजे एकाच रोपात साप तीन ठिकाणी दिसतो. आपल्याकडे फणा दिसला की नावात सहसा 'नाग' येतो : नागफणी हे निवडुंगाचं नाव बघा. इथे नाग नाही, साप आहे. म्हणून माझं मत दांड्याला.

अडगुलं : मत नोंदवलं. फणा सोडत नाही.

धुकट : 'कांदा' या भागाबद्दल कोणी बोलेना, म्हणून मीच बोलतो. आज कांदा म्हटलं की डोळ्यांत पाणी आणणारा तोच आठवतो. मूळ संस्कृत शब्द 'कंद', त्याचा मराठीत कांदा झाला, जसा 'दंड'चा दांडा. जमिनीखालची कोणतीही गाठ ती कांदा. भाजीतल्या कांद्याला संस्कृतात वेगळाच शब्द आहे, पलांडू. कोळकांदा या रानवनस्पतीच्या नावात तो जुना, रुंद अर्थ अजून टिकून आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सापकांद्याच्या तळाशी असतो तो घनकंद : सुरणासारखा भरीव, पापुद्रे नसलेला. नाकाने सोलू म्हटलं तरी सोलायला काही नाही.

सुरण, अळू, शेवळा, सापकांदा ही सगळी एकाच कुळातली. अळूच्या फतफत्याने घसा का खाजतो ते ठाऊक असेलच : ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. सापकांद्यातही तेच असतात. शेवळ्याची खाज मारायला काकडाची फळं घालतात, तरी शेवळा ओळखणारा माणूस घरात असावा लागतो. फोटो बघून भाजी करू नये.

पाऊलवाट : 'पारी' म्हणजे पाकळी का?

धुकट : नाही. पारी हा माझा घरगुती शब्द, पुस्तकी शब्द 'महाछद'. ते एक पान आहे, फुलांभोवती गुंडाळलेलं. मधला दांडा 'स्थूलकणिश'. खरी फुलं त्या दांड्याच्या बुडाशी, बारीक दाण्यांएवढी, बाहेरून दिसतच नाहीत. म्हणजे आपण सगळे जे 'फूल' म्हणतोय ते काटेकोर बोलायचं तर फूल नव्हेच. पण रानात उभं राहून "वा, काय सुंदर महाछद!" असं मी तरी म्हणणार नाही.

रानभूल : आता लिंगाचा प्रश्न. व्याकरणात तो सापकांदा, पुल्लिंगी. पण झाडाचं तसं नाही. अरिसिमाच्या बहुतेक जातींत कंद लहान असेल त्या वर्षी रोप नर, कंद पोसला की मादी. फळं धरून दमलं, साठा आटला, की पुढल्या वर्षी पुन्हा नर. नर सुरळीच्या बुडाशी एक फट असते. आत शिरलेली चिलटं परागकण अंगावर घेऊन तिथून सुटतात. मादीच्या सुरळीला ती फट नसते. चिलटं आत अडकतात, बहुधा तिथेच मरतात, आणि तोवर परागण होऊन जातं. आता या रोपाला 'तो' म्हणायचं की 'ती'?

अडगुलं : 'ते' म्हणा. ते सापकांदं.

धुकट : नको हो, अनेकवचन करताना तोंड वाकडं होईल. सापकांदा, सापकांदे, आणि वाटेवर जपून पाय टाका, बस.

पाऊलवाट : सगळ्यांचे आभार. भाद्रपदात त्याच वाटेने परत गेलो होतो. पांढरी सुरळी कुजून गेलेली, छत्रीसारखं पान पिवळं पडलेलं, आणि दांड्याच्या टोकाला मक्याच्या छोट्या कणसासारखा दाण्यांचा घोस. खालचे दाणे हिरवे, वरचे लाल व्हायला लागलेले. म्हणजे यंदा तिथे 'ती' होती. दोन हात पलीकडे दुसऱ्या रोपाचं नुसतं पान होतं, घोस नव्हता.