डिक पॉवेल: सिनेमे आणि टीव्ही, सुरुवात कुठून करू?

निऑनपाटी:
जाणकारांनो जरा मदत करा. जुने ब्लॅक अँड व्हाइट क्राइम पिक्चर बघायचा नाद आहे, त्यात 'मर्डर, माय स्वीट' (१९४४) बघितला आणि डिक पॉवेलचा फॅनच झालो. डोळ्यांवर पट्टी बांधलीये, पोलीस चौकशी करतायत आणि हा पठ्ठ्या टोमण्यावर टोमणे मारतोय. मग म्हटलं याचं अजून काय मिळतंय बघू, म्हणून 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट' (१९३३) लावला तर हाच माणूस चिकनाचुपडा चेहरा घेऊन हसत हसत वरच्या पट्टीत प्रेमगीतं गातोय!! आधी वाटलं नावसाधर्म्य असेल. नेटवर दिसतंय की ५०च्या दशकात गडी टीव्हीवर गेला आणि मग शेवटपर्यंत तिकडचाच झाला. तर विचारायचं असं की या दोन टोकांच्या मधलं नि पुढचं काय बघावं, आणि टीव्हीवरचं काम बघण्यासारखं आहे का, की पिक्चर मिळेनासे झाले म्हणून पोटापाण्यासाठी केलेलं आहे? बघायला सोबत आई असते, तिला गाणी चालतात, रक्तबिक्त चालत नाही.

रीळवाला:
पोटापाण्यासाठी? अहो उलटंच आहे सगळं. पण ते नंतर, आधी पिक्चर.

पुढचा 'पिटफॉल' (१९४८) बघा, डोळे झाकून. यात पॉवेल डिटेक्टिव्ह नाही, विमा कंपनीतला चाकोरीला वैतागलेला माणूस आहे. पहिल्याच सीनला सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बायकोपाशी कुरकूर चाललीये की काय स्वप्नं होती आणि काय होऊन बसलं, आणि बायकोही तितकीच तिखट, हसत हसत परतवून लावते. मग एका केसच्या निमित्ताने लिझाबेथ स्कॉट भेटते आणि घसरण सुरू. मारामारी थोडी आहे पण आईंना झेपेल. तिच्या मागे हात धुऊन लागलेला जाडजूड डिटेक्टिव्ह म्हणजे रेमंड बर, ज्याने पुढे टीव्हीवर 'पेरी मेसन' वर्षानुवर्षं केला, आणि बायको झालेली जेन वायट 'फादर नोज बेस्ट'मधली आदर्श आई झाली. म्हणजे या एका पिक्चरच्या चार मुख्य नटांपैकी तिघं टीव्हीवर नावाजले. तुमच्या प्रश्नाला यापेक्षा चांगला पिक्चर नाही.

त्यानंतर 'क्राय डेंजर' (१९५१). न केलेल्या दरोड्यासाठी ५ वर्षं आत राहून सुटलेला माणूस, लॉस एंजेलिसमधला एक कळकट ट्रेलर पार्क, आणि डायलॉग असे की दोनदा मागे घेऊन ऐकावेत. प्रिंट रिस्टोअर झालेली आहे, तीच शोधा.

आता तो चिकना चेहरा. वॉर्नर ब्रदर्सच्या कॉन्ट्रॅक्टवर होता तो. त्या काळात कॉन्ट्रॅक्ट म्हणजे स्टुडिओ देईल तो रोल करायचा, नाही म्हटलं तर सस्पेंड, पगार बंद, वर तेवढे आठवडे कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी जोडणार. हा गंभीर रोल मागायचा आणि ते पुढचं गाणं हातात ठेवायचे. वॉर्नर सोडून पॅरामाउंटला गेला तरी शिक्का तोच. 'डबल इंडेम्निटी'तला हिरोचा रोल त्याला हवा होता, तो फ्रेड मॅकमरेला गेला. शेवटी आरकेओ स्टुडिओने 'मर्डर, माय स्वीट'मधला डिटेक्टिव्ह मार्लो दिला तेव्हा स्वारी चाळिशीला आलेली. आणि शिक्का किती पक्का बघा, पिक्चर आधी चँडलरच्या कादंबरीच्याच नावाने, 'फेअरवेल, माय लव्हली' म्हणून लावला होता, तर लोकांना वाटलं डिक पॉवेल आहे म्हणजे गाण्यांचाच असणार, म्हणून नाव बदलावं लागलं.

मावशीबाई:
रीळवाले, तुम्ही गाण्यांच्या पॉवेलला दर वेळी असे उडवून लावता ते बरं नाही हो. निऑनपाटी, आईसोबत 'डेम्स' (१९३४) बघ. गोष्ट यथातथा आहे, ती सोडून दे, पण 'आय ओन्ली हॅव आईज फॉर यू' या गाण्यासाठी बघच. पॉवेलला भुयारी रेल्वेत डुलकी लागते आणि स्वप्नात जिकडे तिकडे हिरॉईन रुबी कीलरच, डझनावारी पोरी तिच्या चेहऱ्याचे मुखवटे घेऊन फिरतायत. नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कलीचा कॅमेरा काय काय करतो ते बघून आजही तोंडात बोट जातं. आणि या सगळ्या कवायतीच्या मधोमध पॉवेल इतक्या सहज गातो की त्याला मेहनत पडतीये असं वाटतच नाही. नुआरवाल्यांना, म्हणजे तुम्हा काळोख्या क्राइम पिक्चरवाल्यांना, हे कळत नाही की टोमणा मारायला जो टायमिंगचा कान लागतो तो गाण्यातूनच आलेला आहे.

आणि दोन्ही टोकांच्या मधलं हवं तर 'ख्रिसमस इन जुलै' (१९४०). कॉफी कंपनीची स्लोगन स्पर्धा, २५,००० डॉलर बक्षीस, ऑफिसातली टवाळ पोरं बक्षीस लागल्याची खोटी तार टेबलावर ठेवतात आणि हा बिचारा खरं मानून गल्लीतल्या सगळ्यांसाठी खरेदी करत सुटतो. जेमतेम तासाभराचा आहे. रक्त नाही, हसून झाल्यावर घशात थोडं अडकतं एवढंच.

रीळवाला:
मावशी, टायमिंगचं मान्य. 'मर्डर, माय स्वीट'मधे तो श्रीमंताच्या बंगल्यात वाट बघता बघता संगमरवरी चौकटींवर लंगडी घालतो ना, ते नाचगाण्याच्या पिक्चरमधून आलेल्या माणसालाच सुचेल.

आता टीव्ही. १९५२ साली पॉवेलने शार्ल बॉयर आणि डेव्हिड निव्हन यांना घेऊन फोर स्टार नावाची कंपनी काढली. नावात चार स्टार आणि मालक तीनच. चौथी म्हणून आयडा लुपिनो पडद्यावर सारखी असायची पण तिला हिस्सा नव्हता, हे मला अजून खटकतं. तेव्हा मोठे फिल्म स्टार टीव्हीकडे बघून नाक मुरडायचे, स्टुडिओवाल्यांना टीव्ही म्हणजे शत्रू वाटायचा, आणि हे तिघं आलटून पालटून सीबीएस चॅनलवर 'फोर स्टार प्लेहाऊस' करत होते, दर भागाला अर्ध्या तासाची वेगळी गोष्ट. मुद्दा असा की त्या वेळी बरंचसं टीव्ही लाइव्ह असायचं, दाखवलं की संपलं. यांनी फिल्मवर शूट केलं आणि ती फिल्म स्वतःकडे ठेवली, म्हणजे पुन्हा विकता येते. ज्याला वॉर्नरने हप्त्याच्या पगारावर नाचवलं तो आता बाकीच्यांना पगार देणारा झाला.

बघायला सुरुवात विली दांतेच्या भागांपासून करा. पॉवेल यात रेस्टॉरंटचा मालक आहे आणि मागच्या खोलीत जुगार चालतो. यातले भाग तरुणपणीच्या ब्लेक एडवर्ड्सने लिहिलेत, तोच पुढचा 'पिंक पँथर'वाला. पहिला भाग 'दांतेज इन्फर्नो'. यूट्यूबवर प्लेहाऊसचे बरेच भाग सापडतात, प्रिंटच्या नावाने बोंब आहे पण चालतं. पुढे १९६०ला यावर वेगळी सिरीजच निघाली, हिरो हॉवर्ड डफ, म्हणजे लुपिनोबाईंचे यजमान.

मग 'झेन ग्रे थिएटर' (१९५६-६१). वेस्टर्न, पॉवेल सुरुवातीला येऊन जुन्या काळातली काहीतरी गंमत सांगतो आणि गोष्ट सुरू. यातली धंद्याची ट्रिक भारी आहे. नव्या सिरीजचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, वेगळा काढला आणि कोणी घेतला नाही तर पैसे बुडाले, म्हणून हे पायलटच चालू कार्यक्रमातला एक भाग म्हणून दाखवायचे. आवडला तर सिरीज विकायची, नाही तर तो आठवडा तरी निघाला. 'द रायफलमन' असाच आला, लिहिणारा सॅम पेकिन्पा. 'ट्रॅकडाऊन' असाच आला, आणि त्याच्या पोटातून 'वाँटेड डेड ऑर अलाइव्ह', म्हणजे स्टीव्ह मॅक्वीन. ॲरन स्पेलिंगही इथेच शिकला, तोच पुढे 'डायनॅस्टी' आणि 'बेव्हर्ली हिल्स'वाला.

डबलशिफ्ट:
रीळवाल्यांनी बहुतेक कव्हर केलंय, दोन किस्से माझे. ७ ऑक्टोबर १९५४ला सीबीएसवर 'क्लायमॅक्स!' नावाचा लाइव्ह कार्यक्रम सुरू झाला, पहिल्याच भागात पॉवेल परत मार्लो, गोष्ट 'द लाँग गुडबाय'. चादरीखाली प्रेत पडलेलं. प्रेत झालेल्या नटाला वाटलं आपण आता कॅमेऱ्यात नाही, उठला आणि चालू लागला, अख्ख्या देशाने बघितलं 😂 फिल्मवर शूट करायचा हट्ट का ते कळलं ना?

दुसरं, पॉवेलचा रेडिओवर 'रिचर्ड डायमंड' होता, १९४९पासून. डिटेक्टिव्ह आहे पण भाग संपताना गाणं म्हणतो, म्हणजे दोन्ही पॉवेल एकाच अर्ध्या तासात. निऑनपाटी, आईसाठी हेच लाव, स्वयंपाक करता करता ऐकता येतं. फोर स्टारने तो टीव्हीवर आणला तेव्हा रोल डेव्हिड जॅन्सनला दिला. त्यात सॅम नावाची टेलिफोन ऑपरेटर आहे, तिचे फक्त पाय दिसतात नि आवाज ऐकू येतो, ती मेरी टायलर मूर, तेव्हा कोणाला माहीतही नव्हती.

खिडकीतला_पंखा:
दिग्दर्शक पॉवेलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. 'द काँकरर' (१९५६) चुकूनही लावू नका, जॉन वेन चंगीझ खान झालाय, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. शूटिंग युटातल्या सेंट जॉर्जजवळ, नेवाडाच्या अणुचाचण्यांच्या वाऱ्याच्या दिशेला, आणि पुढे त्यातल्या खूप जणांना कॅन्सर झाला, पॉवेललाही. संबंध सिद्ध झालेला नाही, पण वाचताना अंगावर काटा येतो. त्याऐवजी 'द एनिमी बिलो' (१९५७) बघा. अमेरिकन डिस्ट्रॉयरवर मिचम, खाली जर्मन पाणबुडीत कुर्ट युर्गेन्स, दोघंही आपापल्या जागी शहाणे, कोणी राक्षस नाही. माझ्या मते त्याच्या दिग्दर्शनातलं हेच सर्वात भारी.

चहाखारी:
अवांतर: आपल्याकडचं उदाहरण दादामुनी ना? बॉम्बे टॉकीजचे पगारी हिरो ते १९८४ला 'हम लोग'च्या शेवटी येऊन समजावणारे आजोबा.

रीळवाला:
आहे खरं, पण फरक आहे. अशोककुमार मालकीच्या वाटेला १९४३मधे फिल्मिस्तान काढतानाच लागले होते, दूरदर्शनवर आले ते सर्वांचे आजोबा म्हणून. पॉवेलला मालकी मिळाली तीच टीव्हीवर.

निऑनपाटी:
सगळ्यांना धन्यवाद! काल 'ख्रिसमस इन जुलै' झाला, आईला जाम आवडला, तिने विचारलं हा अजून कशात आहे 😀 आता 'पिटफॉल' लावतो. एकच, तो शेवटचा 'डिक पॉवेल शो' कसा आहे?

रीळवाला:
एनबीसीवर १९६१ ते ६३, तासाभराच्या वेगवेगळ्या गोष्टी. पहिल्या भागात तो स्वतः रोल्स रॉइसमधून फिरणारा पोलीस अधिकारी आहे, त्यावरून नंतर 'बर्क्स लॉ' निघाली, त्यात जीन बॅरी. पॉवेल २ जानेवारी १९६३ला गेला, ५८ वर्षांचा होता, सीझन अर्ध्यात होता, उरलेल्या भागांना पाहुणे सूत्रधार आणले. सगळे भाग सारखे नाहीत, काही फारच बडबडे आहेत. पण 'द प्राइस ऑफ टोमॅटोज' मिळाला तर सोडू नका, टोमॅटोचा ट्रक वेळेत पोचवायची धडपड आणि वाटेत गाडीत घेतलेली गरोदर बाई. ट्रकवाला पीटर फॉक, 'कोलंबो'च्या कितीतरी आधीचा, यासाठी त्याला टीव्हीचं एमी अवॉर्ड मिळालं. चांगली प्रिंट कोणाला सापडली तर इथेच टाका, माझ्याकडची फार अंधारी आहे.